पार्षदाच्या वागण्याबद्दल तक्रार कशी करावी: इंदूरकरांसाठी सविस्तर माहिती

इंदूरमध्ये एखाद्या पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, वागण्याबद्दल तक्रार करायची म्हटली की माणूस आधी १८१ लावतो. सीएम हेल्पलाइनवर नाव, मोबाइल, वॉर्ड सांगतो, तक्रार क्रमांक मिळतो आणि वाट बघणं सुरू होतं. तक्रार जाते एल-१, म्हणजे पहिल्या स्तरावरच्या अधिकाऱ्याकडे, बहुतेक वेळा निगमाच्या (महानगरपालिकेच्या) झोन कार्यालयातल्याच कुणाकडे तरी. हा अधिकारी त्याच पार्षदाच्या वॉर्डात रोज काम करतो. पार्षदाला नोटीस देण्याचा किंवा त्याची चौकशी करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. मग फोन येतो: 'सर, ये हमारे विभाग का नहीं है, शिकायत कटवा दीजिए.' तुम्ही नाही म्हणालात तर ती वरच्या स्तरावर सरकते आणि शेवटी फोर्स क्लोज होते, म्हणजे तुमच्या संमतीशिवायच बंद केली जाते. तोपर्यंत सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलेलं असतं, साक्षीदार थंड पडलेले असतात आणि पार्षदाच्या कानावर तुमचं नाव गेलेलं असतं.

या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. तक्रार कशाची आहे आणि तिच्यावर हुकूम देण्याचा अधिकार कायद्याने कुणाला दिला आहे, हे पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवायचं. हे ठरलं की पुढचं काम चिकाटीचं आहे, पण अवघड नाही.

ही तक्रार वागण्याची आहे का?

ड्रेनेज तुंबलं, नर्मदेचं पाणी आलं नाही, पथदिवा बंद आहे, कचऱ्याची गाडी चुकली, या सेवेच्या तक्रारी आहेत. त्यांच्यासाठी इंदूर ३११ ॲप आहे, झोन कार्यालय आहे आणि १८१ सुद्धा इथे खरोखर उपयोगी पडतं. पार्षद फोन उचलत नाही, लग्नकार्याला येतो पण गल्लीत फिरकत नाही, निगमाच्या सभेत आपल्याला न पटणारं बोलतो, याचा राग येणं साहजिक आहे. त्याचा हिशेब मतदानाच्या दिवशी होतो. तो अर्जात घातला तर खऱ्या मुद्द्याची धार जाते.

वागण्याची तक्रार म्हणजे पदाच्या जोरावर केलेलं चुकीचं कृत्य. घराच्या दुरुस्तीसाठी पैसे मागणं, धमकी देणं, सफाई कामगाराला मारहाण करणं, जातीवाचक शिवी देणं, महिला कर्मचाऱ्याशी असभ्य वागणं, निगमाचं कंत्राट घरच्यांच्या नावावर घेणं, निवडणुकीच्या शपथपत्रात माहिती दडवणं, एखाद्या घरामागे हात धुऊन लागून निगमाची माणसं वारंवार पाठवणं. यातलं प्रत्येक कृत्य वेगळ्या कायद्यात बसतं, म्हणून त्यांचं एकच गाठोडं बांधून चालत नाही.

तक्रार कुणाविरुद्ध आहे तेही नीट बघा. इंदूरमध्ये ८५ वॉर्ड आहेत आणि प्रत्येकाचा एक निवडून आलेला पार्षद. शिवाय एल्डरमॅन असू शकतात. त्यांची नेमणूक राज्य शासन करतं, निगमाच्या सभेत त्यांना मताचा हक्क नसतो, आणि त्यांच्याबद्दलचा अर्ज भोपाळला नगरीय विकास व आवास विभागाकडे करायचा. महापौर आणि सभापती यांना पदावरून दूर करण्याचा विषयही राज्य शासनाच्या पातळीवरचा आहे.

उरतो एक चौथा प्रकार, आणि माझ्या मते वॉर्डातला सगळ्यात जास्त त्रास तिथूनच होतो: पार्षद पती. मध्य प्रदेशात नागरी संस्थांमध्ये ५० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनेक ठिकाणी निवडून येते पत्नी आणि वॉर्डात हुकूम चालवतो नवरा, दीर किंवा मुलगा. या माणसाकडे कुठलंही पद नाही. 'पार्षदांनी धमकी दिली' असं लिहून मोकळे झालात तर पार्षद बाई खुशाल म्हणतील, 'मी त्या दिवशी तिथे नव्हतेच.' म्हणून ज्याने केलं त्याचंच नाव, नातं आणि कृत्य लिहा. त्याच्या धमकीची तक्रार पोलिसांत जाते. पार्षद बाईंनी आपलं पद त्याच्या हाती सोपवलं आहे, ही तक्रार संभागायुक्तांकडे जाते, आणि तिच्यासाठी वेगळा पुरावा लागतो. पार्षदाच्या नावाने नवऱ्याने घेतलेल्या बैठका, त्याने पाठवलेले संदेश, पार्षदाच्या लेटरहेडवर त्याची सही, असं काहीतरी.

पार्षदाच्या हातात काय नाही

ही माहिती असली तर निम्म्या धमक्या जागेवरच विरतात. मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ प्रमाणे निगमाचा रोजचा कारभार निगमायुक्त आणि त्यांचे अधिकारी चालवतात. पार्षद प्रश्न विचारू शकतो, कामं सुचवू शकतो, सभेत मत देऊ शकतो. तो स्वतः चालान फाडू शकत नाही, बांधकाम थांबवू शकत नाही, नळ तोडायला सांगू शकत नाही, नामांतरण (मालमत्तेच्या नोंदीतला नावबदल) अडवू शकत नाही.

समजा, सुदामा नगरात कुणी वरचा मजला चढवतो आहे. दोन मुलं मोटारसायकलवर येतात आणि म्हणतात, 'भैया ने काम रुकवाने को बोला है, आकर मिल लो.' अशा वेळी घाबरून भेटायला जाऊ नका आणि भांडूही नका. 'निगमाची लेखी नोटीस द्या, मी उत्तर देतो' एवढंच सांगा. विनापरवाना बांधकामावर कारवाई करायचीच असेल तर ती सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी नोटिशीने होते, बहुतेकदा कलम ३०२ आणि ३०७ खाली, आणि नोटिशीवर जावक क्रमांक, तारीख, सही असते. अर्थात तुमची भवन अनुज्ञा (बांधकाम परवानगी) नीट असली पाहिजे. बांधकाम खरंच नकाशाबाहेर असेल तर आधी भवन अधिकाऱ्याकडे जाऊन ते निस्तरा. ज्याची स्वतःची बाजू लंगडी आहे त्याच्या खऱ्या तक्रारीलाही सुनावणीत पहिला टोला तिथेच बसतो.

कोणतं दार कशासाठी

*संभागायुक्त.* पार्षदाला पदावरून काढण्याचा अधिकार ना महापौरांना आहे, ना निगमायुक्तांना, ना जिल्हाधिकाऱ्यांना. अधिनियमाच्या कलम १९ ने तो संभागायुक्तांना दिला आहे (महाराष्ट्रात ज्यांना विभागीय आयुक्त म्हणतात तेच). पार्षदाचं पदावर राहणं जनतेच्या किंवा निगमाच्या हिताचं नाही असं त्यांचं मत झालं, किंवा राखीव जागेवर निवडून आलेला माणूस त्या वर्गातला नाही असं आढळलं, तर ते त्याला काढू शकतात. त्याआधी पार्षदाला कारणे दाखवा नोटीस आणि बाजू मांडायची पुरेशी संधी द्यावीच लागते. २०२५ साली इंदूरच्या परिषदेने आपल्याच एका सदस्याला काढण्याचा ठराव केला होता. पद गेलं ते मात्र संभागायुक्तांच्या आदेशाने.

अपात्रतेची कारणं कलम १७ मध्ये आहेत. त्यातलं सर्वसामान्य माणसाला कागदावरून सिद्ध करता येण्यासारखं कारण म्हणजे निगमाच्या कंत्राटात पार्षदाचा प्रत्यक्ष किंवा आडून असलेला हितसंबंध. भावाच्या नावावर फर्म आहे एवढं म्हणून भागत नाही. पैसा पार्षदापर्यंत कसा पोहोचतो तेही दिसलं पाहिजे.

इथे अपेक्षा नेमकी ठेवा. निवडून आलेल्या माणसाला काढणं हा टोकाचा उपाय आहे आणि न्यायालयं तो तसाच बघतात. पंजाबमधल्या राजपुरा नगरपरिषदेच्या अध्यक्षांना काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली रद्द केला. एखादी चूक किंवा प्रामाणिकपणे घेतलेला पण चुकलेला निर्णय म्हणजे अधिकाराचा गैरवापर नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांच्या प्रकरणात २०१२ साली न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, जी तक्रारदाराने पाठच करून ठेवावी: अशा कार्यवाहीत तक्रारदार हा फार तर साक्षीदार असतो, पार्षदाविरुद्ध लढणारा पक्षकार नसतो. तेव्हा संभागायुक्तांपुढे आपलं काम पुरावा नीट मांडणं एवढंच आहे. एकदा शिवीगाळ झाली म्हणून पद जाणार नाही. तेच वागणं अनेकांशी, पुन्हा पुन्हा, पदाचा धाक दाखवून झालेलं असेल तर अर्जाला वजन येतं. म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाने आपापला प्रसंग स्वतंत्र शपथपत्रावर द्यावा. एका अर्जाखाली पन्नास सह्या घेण्यापेक्षा अशी तीन-चार शपथपत्रं जड ठरतात, कारण सह्या करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी प्रत्यक्ष काहीच पाहिलेलं नसतं.

*पोलीस.* धमकी, मारहाण, खंडणी, विनयभंग, जातीवाचक शिवीगाळ हे गुन्हे आहेत आणि त्यासाठी पदाचा विचार करायचं कारण नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात खंडणी कलम ३०८ मध्ये आणि धमकी कलम ३५१ मध्ये येते. एफआयआर कोणत्याही ठाण्यात देता येतो, नंतर तो योग्य ठाण्यात वर्ग होतो. ऑनलाइन दिला तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची. तक्रारदाराला प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात, म्हणून लगेच गुन्हा नोंदवला नाही तर ती चौकशी चालू आहे का हे लेखी विचारा. ठाणेदाराने सरळ नकार दिला तर तीच तक्रार टपालाने वरिष्ठांना पाठवता येते. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून ती तुमच्या भागाच्या पोलीस उपायुक्तांच्या नावाने लिहायची. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी. या सगळ्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ आणि १७५ मध्ये आहे.

*लोकायुक्त.* पैशाची मागणी झाली असेल तर हे दार पहिलं. पार्षद सरकारी नोकर नाही, मग भ्रष्टाचाराचा कायदा त्याला कसा लागेल, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. राजस्थानातल्या बांसवाड्याच्या एका नगरपालिका सदस्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्याचं उत्तर दिलं: भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या दृष्टीने असा सदस्य लोकसेवकच आहे. पैसे पार्षदाच्या नवऱ्याने किंवा 'माणसाने' घेतले तरी घेणारा सुटत नाही. लोकसेवकावर वजन टाकण्यासाठी पैसे घेणाऱ्यालाही कलम ७-क लागतं.

पैसे देऊन नंतर तक्रार करण्याचा विचार असेल तर सावध व्हा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच संरक्षण मिळतं. आधीच कळवून, त्यांच्या सांगण्यावरून पैसे दिले तर तो गुन्हा होत नाही. म्हणून मागणी होताच जा. लोकायुक्तांच्या विशेष पोलीस स्थापनेचं कार्यालय इंदुरात आहे. ते आधी मागणीची खात्री करतात, म्हणजे बहुतेक वेळा तुम्हाला रेकॉर्डर देऊन पुन्हा बोलायला पाठवतात. खात्री झाली की तुम्ही आणलेल्या नोटांचे क्रमांक लिहून घेतात, त्यांना पावडर लावतात आणि पंचांसमोर सापळा लावतात. नोटा हाताळणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. पण गुलाबी पाण्याने खटला जिंकला जात नाही. पैसे मागितले होते हे सिद्ध व्हावंच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं आहे. म्हणून पार्षदाशी बोलताना त्याच्या तोंडून रक्कम आणि काम दोन्ही आलं पाहिजे. आपण होऊन 'किती देऊ?' असं विचारू नका.

सापळ्याची वेळ निघून गेली असेल, पण निकृष्ट कामाची बिलं किंवा बनावट मोजमाप असा प्रकार असेल, तर लोकायुक्तांकडे शपथपत्रासह लेखी तक्रार करता येते. आर्थिक अपराध प्रकोष्ठ हाही एक मार्ग आहे.

*निवडणुकीचं शपथपत्र.* खरगोन जिल्ह्यातल्या भीकनगावच्या एका नगरसेविकेने चेक बाउन्सच्या खटल्यातली शिक्षा शपथपत्रात लिहिली नव्हती. तिचं पद गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. ही लढाई निवडणूक याचिकेची होती, आणि याचिकेला मुदत असते. निगमाच्या बाबतीत निकाल अधिसूचित झाल्यापासून ३० दिवसांत जिल्हा न्यायाधीशांपुढे जावं लागतं. आताची परिषद जुलै २०२२ मध्ये निवडून आली, म्हणजे ते दार केव्हाच बंद झालं. पुढच्या निवडणुकीत मात्र आपल्या वॉर्डातल्या उमेदवारांची शपथपत्रं अर्ज भरण्याच्या दिवसांतच उतरवून ठेवा. निकालानंतर शोधायला बसलात तर ३० दिवस बघता बघता जातात.

पार्षदाला मुदतीआधी परत बोलावण्याबद्दल अनेकजण विचारतात, कारण मध्य प्रदेशात 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' हे मतदान लोकांनी पाहिलेलं आहे. ती तरतूद महापौर आणि नगरपालिका-नगरपरिषदांच्या अध्यक्षांसाठी आहे. वॉर्डाच्या पार्षदाला ती लागू नाही.

पुरावा जमवताना

घटना घडली त्याच रात्री एका कागदावर सगळं लिहून काढा. तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, आणि शब्द जसेच्या तसे, शिवी असेल तर शिवीसकट. 'अपशब्द वापरले' हे वाक्य सुनावणीत काहीच सांगत नाही. कागदावर सही आणि तारीख टाका. सहा महिन्यांनी जबाब देताना हाच कागद तुम्हाला सावरेल.

समोरच्या दुकानाचा कॅमेरा आहे का ते दुसऱ्या दिवशीच बघा. डीव्हीआरमध्ये जुनं चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं. दुकानदार देतो म्हणाला तर पेन ड्राइव्हवर घ्या, नाही म्हणाला तर पोलिसांच्या अर्जात त्या कॅमेऱ्याचा उल्लेख करून चित्रण जप्त करायची मागणी करा. कॉल रेकॉर्डिंग ज्या मोबाइलमध्ये झालं तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका, फाइलचं नावही बदलू नका. पुढे न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग मोबाइलच्या मालकाने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) लिहावी लागते. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत तिथे टिकत नाही.

कागदपत्रांसाठी माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'पार्षदाने काय भ्रष्टाचार केला ते सांगा' असं विचारू नका. असल्या प्रश्नाला 'माहिती उपलब्ध नाही' हेच उत्तर येतं. कागद मागा. अमुक गल्लीच्या सिमेंट रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबीची प्रत, अंतिम बिल, ठेकेदाराचं नाव. कलम २(ञ) प्रमाणे कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. रस्त्याच्या बाबतीत हे फार उपयोगी आहे आणि क्वचितच कुणी मागतं. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील. मध्य प्रदेशात त्याला ५० रुपये लागतात. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील, त्याला १०० रुपये.

साक्षीदारांबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याला पार्षदाकडून काही मिळवायचं आहे किंवा ज्याला पुढच्या वेळी तिकीट हवं आहे, त्याला साक्षीदार करू नका. तो आज जोरात बोलेल आणि सुनावणीच्या दिवशी बाहेरगावी जाईल. शिवाय त्याच्यामुळे तुमच्या तक्रारीवर पक्षीय राजकारणाचा शिक्का बसतो.

अर्ज लिहिणं

राज्याची कार्यालयीन भाषा हिंदी आहे, म्हणून अर्ज हिंदीत करा. घरी मराठीत कच्चं लिहा, मग हिंदीत उतरवा आणि सरकारी हिंदी चांगली येणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. मराठीतल्या तोंडी धमकीचा मूळ मराठी शब्द मात्र तसाच ठेवून पुढे हिंदी अर्थ द्या.

दोन पानांपेक्षा मोठा अर्ज नको. विषयाच्या ओळीत पार्षदाचं नाव, वॉर्ड क्रमांक आणि कलम आलं पाहिजे. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, कुठे राहता. मग प्रसंग, तारखेच्या क्रमाने, प्रत्येक प्रसंगाला वेगळा क्रमांक आणि त्याच्यासमोर परिशिष्टाचा क्रमांक. विशेषणं गाळा. 'गुंड', 'भ्रष्ट', 'हुकूमशहा' असे शब्द तुमच्या बाजूने काही सिद्ध करत नाहीत आणि उद्या अब्रुनुकसानीच्या नोटिशीत तेच उद्धृत होतात. जे स्वतः पाहिलं ते 'पाहिलं' म्हणून आणि जे ऐकलं ते 'अमक्याकडून ऐकलं' म्हणून लिहा.

शेवटी नेमकी मागणी. 'कठोर कार्यवाही करावी' हे मोघम आहे. असं लिहा: 'अतः निवेदन है कि उक्त तथ्यों की जाँच कराकर मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ की धारा १९ के अंतर्गत कार्यवाही की जाए, तथा की गई कार्यवाही से आवेदक को लिखित में अवगत कराया जाए।' सोबत नोटरीसमोर केलेलं शपथपत्र जोडा.

एक अर्ज, एक अधिकारी. वर एक पत्ता आणि खाली मुख्यमंत्र्यांपासून पंतप्रधानांपर्यंत पंधरा प्रतिलिपी, अशी आपल्याकडे पद्धत पडली आहे. त्याने प्रत्येक जण समजतो की दुसरा कुणीतरी बघतो आहे. संभागायुक्तांना अर्ज दिला तर फार तर निगमायुक्तांना माहितीसाठी एक प्रत द्या, कारण वस्तुस्थितीचा अहवाल शेवटी त्यांच्याकडूनच मागवला जाईल.

आवक शाखेत अर्ज देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. दर मंगळवारी सकाळी ११ ते १ जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याची बैठक असते. तिथे अधिकाऱ्याच्या हातात अर्ज देता येतो, पण तिथेही नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. निनावी अर्ज करू नका. पार्षदाला उत्तर द्यायची संधी द्यावी लागते, आणि नाव नसलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही, म्हणून असा अर्ज पुढे सरकत नाही.

अर्ज दिल्यानंतर

महिनाभराने स्मरणपत्र द्या, त्यात आवक क्रमांक लिहा. आणखी काही आठवड्यांनी माहितीच्या अधिकारात विचारा: माझ्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नस्तीतली टिपणं आणि पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात. फाइल कुठल्या टेबलावर आहे ते यातून कळतं, आणि बऱ्याचदा या अर्जानेच ती हलते. तरीही महिनोन्महिने काही झालं नाही तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात, अर्जावर ठरावीक मुदतीत निर्णय घ्यावा एवढीच मागणी करणारी याचिका करता येईल का, हे वकिलाला विचारा.

जबाबासाठी बोलावणं आलं तर मूळ कागद घेऊन जा, देताना प्रती द्या. पार्षदाचे वकील विचारतील: तुमचं बांधकाम वैध आहे का, मालमत्ता कर भरला आहे का, तुम्ही कुठल्या पक्षाचं काम करता? शांतपणे खरं उत्तर द्या. गेल्या निवडणुकीत दुसऱ्याचा प्रचार केला असेल तर 'केला' म्हणा. ते लपवलं आणि फोटो निघाला तर बाकीचं खरंही खोटं वाटू लागतं.

या काळात फेसबुकवर आणि कॉलनीच्या ग्रुपवर काही टाकू नका. अब्रुनुकसानी न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली आजही गुन्हा आहे. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला त्याच कलमात अपवाद आहे. ग्रुपवरच्या पोस्टला तो सहज मिळत नाही. जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यावर कलम २१७ खाली कारवाई होऊ शकते, हेही सगळ्या सह्या करणाऱ्यांना आधी वाचून दाखवा.

तक्रार घेऊन कुणी तुमच्याकडे आलं तर

रहिवासी संघाचे सचिव, गणेशोत्सव मंडळाचे जुने कार्यकर्ते, मराठी समाजातले वडीलधारे, यांच्याकडे लोक आधी येतात: 'काका, तुम्ही बोला ना त्यांच्याशी.' ही जबाबदारी मोठी आहे. आलेल्या माणसाचं एकट्याचं, पूर्ण ऐका आणि लिहून घ्या. चार लोकांत त्याला बोलायला लावू नका. तुमचा पार्षदाशी व्यवहार असेल, मंडळाच्या मांडवाला त्यांची देणगी येत असेल, तर ते सुरुवातीलाच सांगा आणि दुसऱ्याचं नाव सुचवा. पार्षदाची बाजूही ऐका. अनेकदा कार्यकर्त्याने परस्पर केलेला उद्योग असतो आणि पार्षदाला पत्ता नसतो.

पण तीन बाबतींत मध्यस्थी करूच नका: पैशाची मागणी, मारहाण, आणि स्त्रीशी केलेलं गैरवर्तन. शब्दाने शब्द वाढून झालेली बोलाचाली घरात बसून मिटते. हे तीन प्रकार मिटवले जातात ते फक्त दुबळ्या बाजूच्या खर्चाने. निगमाच्या महिला सफाई कामगाराला त्रास झाला असेल तर कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे निगमाच्या अंतर्गत समितीकडे जाता येतं, आणि पोलिसांत गुन्हा नोंदवायला मदत करणं ही निगमाची जबाबदारी आहे. तिला तिथे घेऊन जा, तिच्यासोबत थांबा. नोकरी ठेकेदारामार्फत आहे म्हणून तिला हा हक्क नाही असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. तो कायदा ठेक्यावरच्या कामगारांनाही धरतो.

तडजोडीचा निरोप आला तर

इंदूर मोठं झालं तरी रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांत सगळे एकमेकांच्या ओळखीचे आहेत. नोटीस निघाली की कुणाचा तरी मामेभाऊ दारात येतो. भेटायचं असेल तर एकट्याने भेटू नका, आणि बोलणं झालं की त्याच दिवशी लिहून ठेवा. निरोपात धमकी असेल तर ती नवी घटना आहे. तारीख टाकून पोलिसांना आणि संभागायुक्तांना पूरक अर्ज द्या.

पार्षदाने खरोखर चूक मानली आणि तुम्हाला विषय संपवायचा असेल तर त्यात कमीपणा नाही. तेव्हा लेखी दिलगिरी घ्या, ज्यांच्यासमोर अपमान झाला त्यांच्यासमोरच घ्या, आणि मागे घेण्याच्या अर्जात 'गैरसमजातून तक्रार केली' असं चुकूनही लिहू नका. तसं लिहिलंत तर तुम्ही खोटी तक्रार केल्याची कबुली होते. लिहायचं ते एवढंच: घटना घडली होती, संबंधितांनी अमुक तारखेला लेखी दिलगिरी व्यक्त केली, म्हणून मी हा अर्ज पुढे चालवू इच्छित नाही. लाचेच्या प्रकरणात मात्र हा मार्ग नाही. एकदा गुन्हा नोंदला गेला की खटला सरकारचा असतो, तुम्ही साक्षीदार असता, आणि समन्स आलं की न्यायालयात जाऊन जे घडलं ते सांगावं लागतं.